पायांची झालर बघून घोडा घ्यावा का? शिरपूरच्या भाऊंच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी तो आधी थोडक्यात मांडते. तुम्ही शिरपूरजवळ केळी आणि कापूस करता. वय ५२, उंची पाच फूट चार इंच, वजन ८२ किलो, डावा गुडघा कुरकुरतो. मागच्या उन्हाळ्यात मुलीकडे यॉर्कशायरला गेला होतात. तिथे तीन वेळा एका तपकिरी-पांढऱ्या, बुटक्या, रुंद पाठीच्या घोडीवर बसलात, जिच्या गुडघ्याखाली खुरापर्यंत केसांची झालर होती. लहानपणी मामाच्या मारवाडी घोड्यावरून पडल्यापासून मनात बसलेली भीती त्या तीन दिवसांत गेली. आता तसाच घोडा हवा आहे. जिप्सी कॉब, फेल, डेल्स, हायलँड या तिकडच्या जातींतला कोणता घ्यावा, तो इकडे आणता येईल का, आणि नाहीच आला तर इथे काय बघावं, वरातीची घोडी चालेल का, हे तुम्ही विचारलंय.

मी शहाद्याच्या बाजूला २३ वर्षं पशुवैद्यकी करते. पोट गाई-म्हशींवर भरतं, जीव घोड्यांवर आहे. शिकायला स्कॉटलंडला होते तेव्हा दोन वर्षं शनिवार-रविवार डोंगरात पर्यटकांना घोड्यावर फिरवणाऱ्या एका तबेल्यात काम केलं. त्यामुळे ही झालरवाली जनावरं फोटोत नाही, खरारा हातात घेऊन पाहिली आहेत. त्यांच्या पायांचा चिखल धुऊन माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचा प्रश्न जातीचा नाही. तुमची भीती झालरीनं घालवली नाही. जमीन जवळ होती, पाठ पलंगासारखी होती, आणि पिशवी उडाली, ट्रॅक्टर गेला तरी ती घोडी जागची हलली नाही, म्हणून भीती गेली. या तीन गोष्टी झालरीसोबत येतात म्हणून आपल्याला झालरच दिसते. जत्रेत रंगवलेली शिंगं बघून बैल घेणारा आणि तुम्ही, चूक एकच करताय. राग मानू नका, मीही एकदा केली आहे, ती पुढे सांगते.

तरीही तुम्ही जातींबद्दल विचारलंय, तर ते नीट सांगते. मुलीकडे पुन्हा जाल तेव्हा कामाला येईल. तिकडे उंची ‘हँड’मध्ये मोजतात, एक हँड म्हणजे चार इंच. आपल्या बाजारात थेट इंचांत बोलतात, म्हणून मीही इंचांतच सांगते.

तुम्ही बसलात ती बहुतेक जिप्सी कॉब. इंग्लंड-आयर्लंडच्या भटक्या रोमानी लोकांनी आपली घरगाडी ओढायला हा घोडा घडवला. साधारण ५२ ते ६० इंच, पण जाडी अशी की ५५ इंची कॉब आपल्या ६२ इंची मारवाडीपेक्षा भारी भरतो. अबलख, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांचा दुरंगी रंग त्या लोकांना प्रिय. बायका-पोरं, कुत्री, भांडी यांच्या मधोमध वाढलेलं जनावर, त्यामुळे भडकू जनावर त्या घरात टिकतच नव्हतं. उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रियात त्यांचा मोठा मेळा जूनमध्ये ॲपलबी गावात भरतो. तिथे ईडन नदीत घोडे धुतात, रस्त्यावर पळवून दाखवतात, हातावर हात मारून सौदे करतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा डोळे भरून आले. तापीकाठचं सारंगखेडाच होतं ते, फक्त भाकरीचा वास नव्हता.

फेल पोनी त्याच कंब्रियाच्या डोंगरातला. ५६ इंचांच्या वर जात नाही, बहुधा काळा किंवा गडद तपकिरी. पूर्वी पाठीवर ओझं घेऊन डोंगर ओलांडायचा. पाय खात्रीचा, चाल झपझप, पण कॉबपेक्षा जरा चंचल. २०२० मध्ये ९४ वर्षांच्या राणी एलिझाबेथ यांचा विंडसरला घोड्यावर बसलेला फोटो सगळीकडे फिरला होता, तो घोडा फेल पोनीच. आयुष्यभर एकाहून एक उमदे घोडे ठेवलेल्या बाईंनी त्या वयात बसायला हा निवडला, यातच काय ते आलं.

डेल्स हा त्याचाच पूर्वेकडचा भाऊ, थोडा उंच, ५८ इंचांपर्यंत. शिशाच्या खाणीतून बंदरापर्यंत माल वाहायचा. दुडकी चालीत याला तोड नाही, पण नवख्या माणसाला ती दुडकी कंबरेत बसते. हायलँड स्कॉटलंडचा, ५२ ते ५८ इंच. डोंगरात शिकार केलेलं हरीण पाठीवर लादून खाली आणायचं हे त्याचं जुनं काम. मी ज्या तबेल्यात होते तिथे हेच होते. शंभर किलोचा पाहुणा आला की मालकीण एका घोड्याकडे बोट दाखवायची आणि तो घोडा उसासा टाकायचा, खोटं सांगत नाही. झालर याला कमी, आणि माझ्या मते तो त्याचा मोठा गुण. वेल्श कॉबही तुम्हाला कुणी सुचवेल. ५४ इंचांच्या वर, देखणा, पण तापट. तुमच्यासाठी नाही.

तर तिकडे, त्या हवेत, तुमच्या वजनाला आणि गुडघ्याला कोणता? मी हायलँड म्हणेन, दुसऱ्या नंबरावर शांत कॉब. पण हे मत त्या तबेल्यातल्या माझ्या अनुभवातून आलंय. कॉब पाळणारी बाई याच्या बरोबर उलट सांगेल आणि तीही चुकीची नसेल. जात म्हणजे सरासरी असते, तुम्ही बसणार एका जनावरावर. मी लाथ मारणारा हायलँडही पाहिलाय आणि लहान मुलांना सांभाळणारा मारवाडीही.

आता झालरीबद्दल. इथे जरा थांबते, कारण फोटोत जे सर्वांत सुंदर दिसतं तेच वैद्याला सर्वांत जास्त काम देतं.

त्या केसांखालची कातडी सतत दमट राहते. माणसाला पावसाळ्यात शेतात उभं राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, तसंच घोड्याच्या खुरामागच्या खळगीत होतं. आधी लाली, मग खपल्या, मग भेगा, मग लंगडणं. त्या केसांत राहणारे बारीक किडे वेगळेच. घोडा पाय आपटायला लागतो, रात्रभर पाय भिंतीला घासतो, आणि मालकाला वाटतं माश्या चावतात. स्कॉटलंडमधल्या दुसऱ्याच आठवड्यात मी एका घोड्याला असंच ‘माश्या’ म्हणून सोडून दिलं होतं. मालकिणीनं झालर बाजूला करून दाखवली तर खाली गव्हाच्या कोंड्यासारख्या खपल्यांचा थर. त्या दिवसापासून मी कुठल्याही घोड्याचा पाय डोळ्यांनी तपासत नाही, बोटांनी तपासते.

याहून वाईट म्हणजे पायातला लसिकेचा, म्हणजे शरीरातल्या पाणीदार द्रवाचा, निचरा हळूहळू बंद पडण्याचा रोग. शायर, क्लाइड्सडेल या ओढकाम करणाऱ्या मोठ्या घोड्यांत आणि जिप्सी कॉबमध्ये तो दिसतो. पाय सुजतात, कातडीला वळ्या पडतात, गाठी येतात. आपल्याकडे हत्तीरोगाच्या माणसाचा पाय पाहिला असेल, तर साधारण तसं चित्र डोळ्यांसमोर आणा. कारण वेगळं, पण दिसायला तसंच. तो बरा होत नाही, नुसता सांभाळावा लागतो. सांभाळण्याची पहिली पायरी कोणती, माहीत आहे? झालर कापून टाकणं. ज्या झालरीसाठी घोडा घेतला तीच कात्रीनं उतरवायची.

कॉबमध्ये आणखी एक आनुवंशिक दोष सापडतो. स्नायूंत साखरेचा साठा प्रमाणाबाहेर होतो आणि कामाला लावलं की मांड्या लाकडासारख्या आखडतात. केसाच्या मुळावरून त्याची तपासणी होते. अशा जनावराला धान्य कमी, गवत जास्त, आणि रोज थोडं काम लागतं. आपल्याकडे घोडा आला की पहिल्याच दिवशी आजी चणे भिजत घालते आणि शेजारी गूळ आणून देतो. प्रेमानं मारायची रीत आहे ही. हे पहाडी, चिवट घोडे मुळात वाऱ्यावर जगणारे. भरपूर चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, मिळाली की लठ्ठ होतात आणि खुराच्या आत दाह होऊन उभं राहणंही मुश्कील होतं.

आता हे सगळं उचलून शिरपूरला आणा.

खानदेशचा मे महिना मी तुम्हाला सांगायला नको. भुसावळ-जळगावचा पारा ४५ ला टेकतो तेव्हा सावलीतली गायही जीभ काढून उभी असते. जाड, गोल अंगाच्या जनावराला वजनाच्या मानानं कातडी कमी मिळते, म्हणून आतली उष्णता बाहेर टाकायला जागा कमी. मारवाडी-काठेवाडी लांबट, पातळ कातडीचे, बारीक केसांचे. वाळवंटानं तसं घडवलंय त्यांना. कॉबला पावसात आणि बर्फात उभं राहायला घडवलंय. थंडीला त्याच्या अंगावर दुहेरी केस येतात.

पण खरी गंमत मे महिन्यात नाही, जुलैत आहे. घोडेवाल्यांत एक ढोबळ हिशेब चालतो. फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज करायची. १५० च्या वर गेली की घामानं अंग गार होणं कमी व्हायला लागतं, १८० च्या वर घोड्याला काम द्यायचंच नाही. मे महिन्याची दुपार धरा, ४४ अंश म्हणजे १११ फॅरनहाइट, आर्द्रता १५, बेरीज १२६. जुलैची पावसाळी दुपार, ३१ अंश म्हणजे ८८, आर्द्रता ८५, बेरीज १७३. हिशेब डोक्यावरचं ऊन धरत नाही, म्हणून मे महिन्यात दुपारी घोड्यावर बसा असा अर्थ काढू नका. पण उन्हाळा कसाबसा निघाला की सुटलो, असं वाटतं ते खरं नाही, एवढं त्यातून कळतं. घोडा माणसासारखाच घामावर जगतो, आणि दमट हवेत घाम वाळत नाही.

त्यात आपली काळी जमीन. पावसाळ्यात कपाशीच्या बांधावरून एक चक्कर मारून आलात की तुमच्या बुटाला दीड किलोचा गोळा लागतो. तोच गोळा केसांच्या झालरीत चार पायांना. पावसाळा संपला की गोखरू आणि सराटे. मेंढीच्या लोकरीतून गोखरू काढणारा माणूस बघितलाय ना? रोज संध्याकाळी तेच काम, चार पायांवर, आणि चौथा पाय कधी कधी हवेत. तुम्ही पाठवलेला यॉर्कशायरच्या घोडीचा फोटो मी आमच्याकडे घोडे सांभाळणाऱ्या माणसाला दाखवला. त्याने मोबाइल जवळ नेऊन बघितला आणि म्हणाला, “हाऊ घोडा नही बाई, गादी शे. पन हाई गादी रोज कोन धुई?”

शेवटचा प्रश्न त्यानेच विचारला, आणि तोच बरोबर आहे.

बाहेरून आणण्याचं म्हणाल तर अशक्य नाही, शर्यतीचे आणि खेळाचे घोडे येतातच. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाची आयात परवानगी, तिकडे रक्ततपासण्या आणि वेगळं ठेवणं, विमानाचं भाडं, इकडे उतरल्यावर सरकारी विलगीकरण केंद्रात पुन्हा मुक्काम. पैसा असला तर हे सगळं जमतं. पण माझा आक्षेप पैशाचा नाही. त्या जनावराला उतरवल्यावर पुढची वीस वर्षं तुम्ही त्याला काय देणार आहात, त्याचा आहे. तोरणमाळच्या उंचीवर तुमची जागा असती, पंखे, पक्की कोरडी फरशी आणि रोज पाय धुऊन पुसणारा माणूस असता, तर मी थोडी नरम पडले असते. शिरपूरला नाही.

आता तुमच्या कामाचं. तुम्हाला जे हवंय ते झालरीशिवाय इथे मिळेल का? मिळेल, पण बाजार ज्याच्याकडे बघतो त्याच्या उलट बाजूला बघावं लागेल.

आधी वजनाचा हिशेब. माणूस आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असावं, हा जगभर धरला जाणारा अंदाज आहे. अमेरिकेत ओहायोमध्ये २००८ मध्ये आठ घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के वजन लादून बघितलं. २५ आणि ३० टक्क्यांना स्नायू दुखण्या-आखडण्याची चिन्हं स्पष्ट वाढली. मला त्यातलं दुसरं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. ज्या घोड्यांची कंबर रुंद होती त्यांना कमी त्रास झाला. म्हणजे उंची नाही, रुंदी बघा. तुम्ही ८२, हलकं खोगीर-तंग-रिकिबी मिळून ८, एकूण ९०. वीस टक्क्यांनी ४५० किलोचं जनावर लागेल. आपल्या बाजारातली बरीचशी मारवाडी-काठेवाडी घोडी चारशेच्या आतबाहेर असते, म्हणजे तुम्ही साडेबावीस टक्के होता. तासभर कदम चालीनं बांधावरून फिरायला ते चालेल, दौड मारायला नाही. सहा-सात किलो उतरवलेत तर गुडघाही दुवा देईल. डॉक्टर सांगतात ते ऐकत नाही माणूस, निदान घोडीसाठी ऐकावं.

बाजारात वजनकाटा नसतो, पण शिवणकामाचा टेप असतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. घेर १७५ आणि लांबी १५५ असेल तर जवळपास ४०० किलो येतात. गुडघ्याखालच्या नळीचा घेरही मोजा. फेल पोनीच्या मानकात ती निदान आठ इंच हवी असं म्हटलंय. आपल्या घोड्यांत साडेसात मिळाली तरी मी खूश होते.

दत्तजयंतीला सारंगखेड्याला या. तिथे पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे येतील, ६५ इंची मारवाडी येतील, पेपरात किमती छापून येतील. त्या मंडपांत हवं तर चहा प्या, घोडा बघू नका. तुम्हाला हवी आहे ५६ ते ५९ इंची, आठ ते चौदा वर्षांची, कुणाच्या तरी घरी रोजच्या कामात असलेली घोडी. संकर असेल तर उत्तम. दलाल तुम्हाला अंगावरचे केसांचे भोवरे आणि पांढऱ्या खुणा दाखवेल, ही देवमन, ही पंचकल्याणी, हिच्या पायगुणानं घर भरलं. ऐकून घ्या, मान डोलवा, आणि पाठ बघा. मी कितीतरी अश्रूढाळ, म्हणजे डोळ्याखालच्या भोवऱ्यामुळे अशुभ, म्हणून नाकारलेल्या घोड्या बघितल्या आहेत, ज्यांच्यावर आंधळ्यालाही बसवावं इतक्या शहाण्या. भोवऱ्यामुळे किंमत पडलेली घोडी तुमच्यासाठी सोन्याची.

तुम्ही वरातीच्या घोडीचं विचारलंय. तिच्यात एक मोठा गुण असतो, आवाजाला ती मेलेली असते. फटाके, डीजे, पोरं, काही फरक पडत नाही. पण तिला नाचायला शिकवलेलं असतं. माझ्याकडच्या एका गुरुजींनी अशी घोडी हौसेनं घेतली. चार महिने सुखात गेले. भाद्रपदात गल्लीतून ढोल आला, आणि गुरुजी बसलेले असतानाच तिनं चौकात फेर धरला. मागचे पाय जागेवर, पुढचे हवेत, गुरुजींचे दोन्ही हात आयाळीत. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं कार्यक्रमच आहे. तेव्हा वरातीची घोडी घेतलीत तर आधी हलगी वाजवून बघा, आणि बघताना वर दुसऱ्याला बसवा.

ठेलारी धनगरांच्या वाड्यावरची घोडी हा माझा लाडका विषय. साक्रीकडून मेंढरं घेऊन निघतात तेव्हा अख्खा संसार तिच्या पाठीवर असतो, भांडी, गोधड्या, कोकरं, कधी वर लेकरू. आता म्हणा जिप्सी कॉब आणि हिच्यात फरक काय? त्यांचं घर चाकांवर, यांचं घर पाठीवर. स्वभाव त्याच शाळेत घडलेला. दख्खनच्या या तट्टांतल्या भीमथडीला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदही मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला. पण तुमच्या ८२ किलोला ती लहान पडते. तुमच्या नातवासाठी मात्र याहून चांगलं जनावर मला माहीत नाही. आणि तुम्ही साठ किलोंचे असतात तर हे उत्तर मी इथेच संपवलं असतं.

घोडी पसंत पडली तर लगेच पैसे मोजू नका. आता माझी चूक सांगते. डॉक्टर झाल्यावर तिसऱ्या वर्षी एका मेळ्यात दुपारी एक सब्जा, म्हणजे राखाडी-पांढरी, घोडी बघितली. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, मी पाय उचलला तरी हूं की चूं नाही. वाटलं, काय साधी आहे! घरी आणली, संध्याकाळी औषधाचा अंमल उतरला, आणि रात्री तिनं गोठ्याची फळी फोडली. मी स्वतः वैद्य, सुया रोज टोचणारी, मला कळलं नाही. म्हणून एकच नियम, घोडी तीन वेगवेगळ्या वेळी बघायची, त्यातली एक वेळ न सांगता पहाटे, चंदीचा तोबरा लावण्याआधी. खालचा ओठ लोंबतोय का, पाय फाकवून डुलतेय का, हाक मारल्यावर कान उशिरा वळतात का, हे बघा.

पहाटे मालकालाच खोगीर घालायला सांगा. तंग आवळताना ती कान मागे टाकते की चावायला येते, ते बघा. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत मागे न्या. पाठ खाली दबली, कातडी थरथरली, तर तिथे जुनी जखम आहे. जुन्या पद्धतीच्या अवजड खोगिरानं खांद्यावर पांढरे केस उमटलेले असतात, ते लोक शुभ म्हणून दाखवतात, ते जखमेचे व्रण असतात. मग ओट्यावरून बसा. हे तुमच्या गुडघ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. बसेपर्यंत ती दगडासारखी उभी राहिली पाहिजे. निम्म्या घोड्या रिकिबीत पाय टाकला की चालू लागतात, आणि पन्नाशीतले लोक पडतात ते तिथेच, दौडीत नाही. हा एकच निकष ठेवलात तरी दहातल्या सात घोड्या गळतील.

रेवाल चालीची मिळाली तर उडी मारून घ्या. दुडकीत उसळण्याऐवजी ती सपाट जाते, हातातला चहा सांडत नाही असं जुने लोक म्हणतात. गुडघ्याला आणि कंबरेला याहून मोठं औषध नाही, आणि ही देणगी तुमच्या त्या सुंदर कॉबकडे नाही. मारवाडी-काठेवाडी रक्ताची एवढी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ती सोडू नका.

रक्ततपासणीवर घासाघीस करू नका. ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग नसल्याचा अहवाल असल्याशिवाय घोडी दारात आणायचीच नाही. तो माणसालाही होतो, त्यावर घोड्याचा इलाज करत नाहीत, कायद्यानं जनावर मारावं लागतं. सरा रोगासाठीही रक्त तपासून घ्या. मोठ्या चावऱ्या माश्या तो पसरवतात, आणि तापीकाठी पावसाळ्यानंतर त्यांची कमी नाही. ताप येतो-जातो, घोडी खाते तरी खंगते, पोटाखाली आणि पायांवर सूज येते. धनुर्वाताची लस पहिल्या आठवड्यात. एवढं झालं की दादर ज्वारीचा कडबा कुट्टी करून, मारवेलचं गवत, मीठ, आणि उन्हाळ्यात चाळीस-पन्नास लिटर पाणी. चणे मूठभर, आजी दिसली नाही तर तेवढेही नको.

राहिली ती यॉर्कशायरची घोडी. तिच्यावरचं तुमचं मन मोडायचं नाहीये मला. तिकडे घोडा अर्धा वाटून घ्यायची पद्धत आहे. मालकीण आठवड्याचे दोन-तीन दिवस दुसऱ्याला देते, तो ठरलेले पैसे देतो आणि त्या दिवशीची शेण-सफाई करतो. दरवर्षी दोन महिने मुलीकडे जाणार असाल, तर तिला आसपासच्या तबेल्यांत विचारून ठेवायला सांगा. झालर तिथल्या पावसात भिजू द्या, तुम्ही फक्त बसा. धुवायचं कामही करा मात्र, एकदा तरी, म्हणजे मी वर काय लिहिलंय ते हाताला कळेल.

आणि इथली घोडी बघितलीत की छातीचा घेर, लांबी, नळीचा घेर आणि मागून उंचावरून काढलेला पाठीचा फोटो मला इथेच पाठवा. फोटो खोगीर काढल्यावर आणि पाठ धुतल्यावर काढा. झूल घातलेला फोटो पाठवलात तर उत्तर देणार नाही.